सागवानी फळीवर लाटांच्या ओळी : सीएनसीसाठी आराखडा आणि कोरकाम

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या फर्निचर कारखान्यांत सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारे मशीन, आता नवे राहिलेले नाही. देवघराची मागची फळी, पलंगाची उशीकडची बाजू, टीव्ही युनिटचा दर्शनी भाग किंवा मुख्य दाराचा वरचा पट्टा अशा ठिकाणी लाटांच्या ओळींची नक्षी हवी असे सांगणारी गिऱ्हाइकेही नेहमी येतात. ही नक्षी वरकरणी फार सोपी वाटते, कारण तिच्यात फुले नाहीत, वेली नाहीत आणि कोपऱ्यांतले बारीक कोरकामही नाही. त्यामुळे कुठून तरी तयार डीएक्सएफ (रेषांच्या आराखड्याची) फाइल मिळवायची, ती फळीच्या मापाला ताणून बसवायची आणि पेनड्राइव्हवर टाकून मशीनला द्यायची, अशी पद्धत रूढ झाली आहे. तसे केलेले काम मात्र बहुधा पन्हाळी पत्र्यासारखे दिसते. प्रत्येक ओळ सारखी, प्रत्येक अंतर सारखे आणि फळीच्या रुंदीत लाटा मोजून बसवलेल्या.

माझ्या मते या नक्षीचा सारा भार दोन ओळींमधल्या जागेवर असतो. ती जागा कोठे किती ठेवायची आणि ती कशी बदलत न्यायची हे आधी कागदावर ठरले, तर पुढचे काम साध्या मशीनवर आणि एकाच व्ही-बिटने, म्हणजे टोकदार व्ही आकाराच्या कोरणीने, होते. ते ठरलेले नसेल, तर महागडे सॉफ्टवेअरही उपयोगी पडत नाही. आकडे हवेत राहू नयेत म्हणून पुढची सर्व मापे एका ठरावीक कामाची दिली आहेत. सांगलीतल्या एका घराच्या देवघरात मूर्तीच्या मागे उभी करायची ही सागवानाची फळी आहे. तिची रुंदी ६०० मिमी, उंची ३२० मिमी आणि जाडी १८ मिमी आहे, आणि तिच्यावर कृष्णेच्या पाण्याच्या लाटा हव्या आहेत.

आधी पाणी पाहावे

आयर्विन पुलाजवळच्या घाटावर सकाळच्या वाऱ्यात थोडा वेळ बसले तर आराखड्याला लागणारे बहुतेक सर्व काही तेथेच मिळते. पायरीलगतच्या लाटा चांगल्या उठावदार असतात आणि त्यांच्यात बरेच अंतर असते. नजर पलीकडच्या काठाकडे जाऊ लागली की ओळी एकमेकींच्या जवळ येतात, त्यांचा उठाव कमी होतो आणि शेवटी काठाखाली नुसत्या रेघा उरतात. दुसरी गोष्ट अशी की एका लाटेच्या माथ्याखाली दुसरीचा माथा सरळ रेषेत येत नाही, तर प्रत्येक माथा मागच्यापेक्षा थोडा बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे पाण्यावर तिरपे पट्टे दिसतात. आराखड्यातही हेच तीन बदल हवेत. वर जाताना अंतर कमी व्हावे, उठाव कमी व्हावा आणि ओळी हळूहळू बाजूला सरकाव्यात.

मापे ठरवणे

एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराला लाटेची लांबी आणि मधल्या रेषेपासून माथ्यापर्यंतच्या उंचीला उठाव म्हणू. या फळीसाठी लांबी १४० मिमी ठेवावी. ६०० ला १४० ने भागले तर सव्वाचार लाटा बसतात, म्हणजे डावी आणि उजवी कड एकसारखी दिसत नाही. १२० मिमी घेतले असते तर बरोबर पाच लाटा बसल्या असत्या आणि फळी छापल्यासारखी दिसली असती. पूर्ण संख्येत लाटा बसवण्याचा मोह टाळावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत वरच्या ओळीचा उठाव ३ मिमी आणि सर्वांत खालच्या ओळीचा १० मिमी घ्यावा. एकूण २१ ओळी, म्हणजे मधली अंतरे २०. वरचे पहिले अंतर ८ मिमी ठेवून पुढचे प्रत्येक अंतर आधीच्याच्या १.०५ पट करत गेल्यास शेवटचे अंतर सुमारे २० मिमी येते आणि सगळ्यांची बेरीज २६४.५ मिमी होते. वरच्या ओळीपासून मोजले तर दुसरी ओळ ८ मिमीवर, तिसरी १६.४ वर, चौथी २५.२ वर आणि पाचवी ३४.५ वर येईल. बाकीचे आकडे एक्सेलमध्ये एका स्तंभात मिनिटभरात मिळतात. ३२० मधून २६४.५ वजा केल्यावर वरखाली प्रत्येकी सुमारे २८ मिमी उरतात, पण खालच्या ओळीचा उठाव मोठा असल्याने तिच्याखाली मोकळी जागा कमी भासते. म्हणून सगळा संच ३ मिमी वर सरकवावा. मग वरच्या माथ्यावर आणि खालच्या खळग्याखाली साधारण सारखीच, २१ ते २२ मिमी कोरी पट्टी राहते.

लाट शांत दिसेल की खवळलेली, हे लांबी आणि उठाव यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. उठाव लांबीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर पाणी संथ वाटते, आणि सहाव्या हिश्श्याच्या पुढे गेला की ओळी नागमोडी होऊन डोळ्यांना त्रास देऊ लागतात. देवघरासाठी संथ पाणीच शोभते. येथे खालच्या ओळीतही हे प्रमाण १४ ला १ असे आहे. माथ्यावरच्या वळणाची त्रिज्या काढायची असेल तर लांबीच्या वर्गाला उठावाच्या ३९.५ पटीने भागावे. आपल्या खालच्या ओळीसाठी हे उत्तर सुमारे ५० मिमी येते. उठाव तोच १० मिमी ठेवून लांबी ६० मिमी केली असती तर त्रिज्या अवघी ९ मिमी आली असती. हा आकडा पुढे दोन ठिकाणी लागणार आहे, म्हणून तो टिपून ठेवावा.

एक ओळ नीट काढणे

पुष्कळ जण अर्धवर्तुळाकार कंस एकाला एक उलटसुलट जोडून लाट तयार करतात. कागदावर ती ठीक वाटते, पण कंस जिथे जोडले जातात तिथे वळण एकदम दिशा बदलते, आणि पॉलिश केलेल्या खाचेवर तिरपा उजेड पडला की तो सांधा नजरेत भरतो. खऱ्या लाटेत वळण माथ्यावर सर्वांत जास्त असते, उतारावर कमी होत शून्यावर येते आणि मग दुसऱ्या बाजूला वळू लागते. ही वक्ररेषा गणितातल्या साइन वक्राची आहे आणि ती बेझिअर रेषेने, म्हणजे बिंदूंवरच्या दांड्या ओढून वळण ठरवता येणाऱ्या रेषेने, जवळजवळ अचूक काढता येते.

व्हेक्ट्रिकच्या व्हीकार्व्ह किंवा अस्पायर या सीएनसीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथम दर ७० मिमीवर एक बिंदू, आळीपाळीने वर आणि खाली, अशी करवतीच्या दात्यांची रेषा काढावी. नंतर नोड एडिटमध्ये (रेषेवरचे बिंदू बदलण्याच्या सोयीत) जाऊन सगळे तुकडे बेझिअरमध्ये बदलावेत. प्रत्येक माथ्यावरची आणि खळग्यातली दांडी पूर्ण आडवी ठेवावी आणि तिची लांबी अर्ध्या लाटेच्या ३६.४ टक्के, म्हणजे येथे २५.५ मिमी करावी. दांडी यापेक्षा बरीच लांब झाली तर माथा चपटा होतो आणि आखूड झाली तर टोकदार. सगळ्या दांड्या हाताने ओढत बसण्याची गरज नाही. एक पूर्ण लाट नीट करून तिच्या प्रती जोडाव्यात आणि शेवटी जॉइन करून अखंड रेषा करावी.

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना याहून सोपा मार्ग आहे. ८४० मिमी रुंद आणि ६ मिमी उंच असा आयत काढून तो निवडावा आणि एक्स्टेन्शनच्या यादीतील रेंडर गटातला फंक्शन प्लॉटर उघडावा. सूत्राच्या जागी साइन एक्स लिहावे, एक्सची सुरुवात ० आणि शेवट ६ ठेवून त्याला दोन पायने (२π ने) गुणण्याची खूण करावी, आणि वायची मर्यादा उणे १ ते १ ठेवावी. आयताच्या आत बरोबर सहा लाटांची ओळ उमटते. खालच्या ओळीसाठी आयताची उंची २० मिमी घेऊन हीच कृती करावी.

ओळ फळीपेक्षा लांब, म्हणजे ८४० मिमी का घ्यायची, हे आता सांगतो. सगळ्यांत वरची ओळ फळीच्या डाव्या कडेच्या १४० मिमी बाहेरून सुरू करायची आणि सगळ्यांत खालची बरोबर डाव्या कडेपासून. दोन्ही ओळी फळीची पूर्ण रुंदी झाकतात आणि वरून खाली येताना लाट एका पूर्ण लांबीने उजवीकडे सरकते. मधल्या ओळी थोड्या थोड्या सरकत गेल्याने घाटावर दिसलेले तिरपे पट्टे आपोआप तयार होतात.

एकीच्या एकवीस ओळी

येथे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

पहिला मार्ग ओळीच्या सरळ प्रती खाली उतरवण्याचा. यात माथ्यावरचे उभे अंतर जेवढे ठेवले तेवढेच सर्वत्र राहते, पण उतारावर दोन ओळींमधली खरी, काटकोनात मोजलेली जागा कमी होते. १४० मिमी लांबी आणि १० मिमी उठाव असेल तर सर्वांत तीव्र उतार सुमारे २४ अंशांचा असतो आणि २० मिमीचे अंतर तेथे १८.२ मिमी भरते. हा फरक गोड दिसतो, कारण मधली पट्टी माथ्यावर भरते आणि उतारावर किंचित बारीक होते, जशी बोरूने काढलेली रेघ जाड-बारीक होते. पण लांबी १२० आणि उठाव २० घेतला तर उतार ४६ अंशांवर जातो, १२ मिमीचे अंतर ८.३ वर येते आणि खाचा एकमेकींना भिडल्यासारख्या दिसू लागतात.

दुसरा मार्ग ऑफसेटचा, म्हणजे मूळ ओळीपासून ठरावीक अंतरावर समांतर ओळ काढण्याचा. यात ओळींमधली जागा सर्वत्र तंतोतंत सारखी राहते, परंतु लाटेचा आकार बदलत जातो. एका बाजूचे माथे रुंद आणि बोथट होतात, तर दुसऱ्या बाजूचे अरुंद होत जातात. आपल्या ५० मिमी त्रिज्येच्या माथ्याला २० मिमीचा ऑफसेट दोनदा दिला की त्रिज्या १० मिमी उरते आणि तिसऱ्या वेळी माथ्याचे टोक होते. कलशाभोवती किंवा दिव्याभोवती पसरत जाणारी वलये काढायची असतील तर ऑफसेटसारखे साधन नाही. नदीच्या पाण्यासाठी मात्र तो वापरू नये.

तिसरा मार्ग वरची आणि खालची ओळ स्वतः काढून मधल्या १९ ओळी सॉफ्टवेअरकडून भरून घेण्याचा, आणि या कामासाठी मी तोच सुचवतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या दुकानांमुळे कोरलड्रॉ आपल्याकडे गावोगावी माहीत आहे. त्यातले ब्लेंड हे साधन नेमके हेच करते. दोन्ही ओळी निवडून १९ पायऱ्यांचा ब्लेंड द्यावा आणि ऑब्जेक्ट अॅक्सेलरेशनची पट्टी सरकवून अंतरे वर दाट, खाली विरळ करावीत. अंतरे, उठाव आणि बाजूची सरक तिन्ही एकाच वेळी बदलतात. शेवटी कंट्रोल आणि के दाबून ब्लेंड सुटा करावा, नाहीतर निर्यात केलेल्या फाइलमध्ये मधल्या ओळी येतीलच याची खात्री नसते. इंकस्केपमध्ये इंटरपोलेट हे एक्स्टेन्शन आहे आणि त्यातला एक्स्पोनंटचा आकडा शून्याहून वेगळा केला की अंतरे असमान होतात. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीवर बिंदूंची संख्या सारखी असावी आणि दोन्ही डावीकडून उजवीकडे काढलेल्या असाव्यात, अन्यथा मधल्या ओळी पिळवटून निघतात. अशा रीतीने आलेली अंतरे बरोबर १.०५ च्या पटीत नसतील. आपला एक्सेलचा स्तंभ शेजारी ठेवून पाच-सहा ओळी पडताळल्या आणि फरक एखाद्या मिलिमीटरचा निघाला तर तो सोडून द्यावा.

व्हेक्ट्रिकमध्ये व्हेक्टर टेक्स्चर नावाचे एक साधनही आहे. आखलेल्या चौकटीत ते कोन, अंतर, उठाव आणि लाटेची लांबी विचारून लाटांच्या ओळी भरून देते आणि त्यात थोडी अनियमितताही घालता येते. वाळू किंवा झाडाची साल दाखवायची असेल तर हे साधन चांगले आहे. पण वरून खाली क्रमाने बदलणारे पाणी त्यातून मिळत नाही, म्हणून या फळीसाठी ते वापरलेले नाही.

सर्व ओळी तयार झाल्यावर डाव्या आणि उजव्या कडेपासून २० मिमी आत त्या कापून घ्याव्यात. याच वेळी खालच्या सात-आठ ओळींतले काही निवडक माथे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे हलवावेत, असे मी सुचवीन. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथल्या सतारमेकरांनी वाद्यावर कोरलेली पाने जवळून पाहिली तर एकही पान दुसऱ्याची हुबेहूब प्रत नसते, आणि तरीही सगळी एका हातची दिसतात. मशीनच्या कामात तेवढा जिवंतपणा आणायचा तर तो आराखड्यातच घालावा लागतो. मात्र दोन मिलिमीटरच्या पुढे गेल्यास ती चूक वाटते.

फाइलची तपासणी

डीएक्सएफ फाइल उघडल्यावर प्रथम फळीचे माप तपासावे. इंच आणि मिलिमीटर यांच्या घोळात ६०० चे माप भलतेच निघते. नंतर एकावर एक बसलेल्या दुहेरी ओळी शोधून काढाव्यात, कारण दुहेरी ओळ म्हणजे बिट त्याच खाचेतून विनाकारण पुन्हा फिरणार आणि लाकूड करपणार.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वळणाचे तुकडे किती लहान आहेत ते पाहावे. काही सॉफ्टवेअर निर्यात करताना वक्ररेषेचे सरळ तुकडे करतात. ५० मिमी त्रिज्येच्या वळणावर १० मिमीचा सरळ तुकडा खऱ्या रेषेपासून पाव मिलिमीटर हटतो, आणि सागवानावर पॉलिश केल्यानंतर तो पैलू स्पष्ट दिसतो. तुकडा २ मिमीचा असेल तर फरक शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणजे ०.०१ मिमी राहतो. पण तुकडे अतिशय बारीक झाले तर मशीन चालवणारा कंट्रोलर कमकुवत असल्यास अडखळत चालतो आणि खाचेच्या बाजूवर आडव्या खुणा उठतात. व्हेक्ट्रिकमधल्या फिट कर्व्ह्ज या साधनाने ०.०२ मिमीच्या आसपास सूट देऊन रेषा कंसांमध्ये बदलून घेतली की दोन्ही अडचणी सुटतात. हे कंस लहान आणि एकमेकांना सलग जुळणारे असतात, त्यामुळे अर्धवर्तुळे जोडल्यावर येणारा दोष यात येत नाही.

बिट आणि खोली

व्ही-बिटच्या कामात खाचेची रुंदी खोलीवर ठरते. ९० अंशांच्या बिटला खोली रुंदीच्या निम्मी लागते, ६० अंशांच्या बिटला रुंदीच्या ०.८७ पट, आणि १२० अंशांच्या बिटला ०.२९ पट. यातून एक व्यवहारातली गोष्ट निघते. फळी कुठे ०.३ मिमी उंच किंवा खोलगट असेल, तर ९० अंशांच्या बिटने खाचेची रुंदी तिथे ०.६ मिमीने बदलते, तर ६० अंशांच्या बिटने ती सुमारे ०.३५ मिमीनेच बदलते. २ मिमीच्या बारीक रेघेत ०.६ चा फरक लगेच दिसतो. अस्सल लाकूड थोडेफार वाकणारच, म्हणून सागवानासाठी मी ६० अंशांचे कार्बाइड बिट पसंत करतो. त्याने सावलीही गडद पडते. त्याचे टोक नाजूक असते, एवढे भान ठेवावे. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेली) शीट सपाट असते, तेथे ९० अंशांचे बिट पुरते, आणि कमी खोलीमुळे आतला भुसभुशीत भागही कमी उघडा पडतो.

वरच्या ओळींची रुंदी २ मिमी आणि खालच्यांची ४ मिमी असावी, म्हणजे रेघही जवळ येताना भरत जाते. त्यासाठी २१ ओळींचे तीन-तीनचे सात गट करावेत आणि खोली वरच्या गटाला १.७ मिमी, पुढे प्रत्येकी ०.३ ने वाढवत शेवटच्या गटाला ३.५ मिमी द्यावी. गट कमी केले तर दोन गटांच्या सीमेवर रुंदीची उडी दिसते.

टूलपाथ

टूलपाथ म्हणजे बिटने फिरण्याचा मार्ग. प्रोफाइल टूलपाथ ओळीवरच चालवला तर खाच दोन्ही टोकांना एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. त्याऐवजी फ्लूटिंग टूलपाथ वापरावा. त्यात उतरंडीचा प्रकार गुळगुळीत निवडून दोन्ही टोकांना ६० मिमीची उतरंड द्यावी. बिट पृष्ठभागावरून हळूहळू आत जाते आणि तसेच बाहेर येते, आणि खाचेची रुंदी खोलीवर अवलंबून असल्याने ओळ कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी निमुळती होत संपते. सॉफ्टवेअरमध्ये फ्लूटिंग नसेल, तर ओळी फळीच्या बाहेर काढून द्याव्यात, पण मग फळी दोन्ही बाजूंना १० मिमी जादा ठेवून कोरकामानंतर कापावी, कारण बिट बाहेर पडताना कडेचा ढलपा उडतो.

दोन दातांच्या बिटला मिनिटाला १८,००० फेरे आणि पुढे सरकण्याचा मिनिटाला २,५०० मिमी वेग दिल्यास प्रत्येक दात सुमारे ०.०७ मिमी लाकूड काढतो. सागवानासाठी हे चांगले चालते. हलक्या बांध्याच्या छोट्या मशीनवर वेग निम्मा करावा आणि त्याबरोबर फेरेही कमी करावेत, नाहीतर बिट कापण्याऐवजी घासते आणि खाचेचा तळ काळा पडतो. २ मिमीपेक्षा खोल खाचा दोन फेऱ्यांत घ्याव्यात आणि दुसरी फेरी हलकी ठेवावी.

सगळ्या ओळींची एकत्र लांबी सुमारे १२ मीटर भरते, म्हणजे एका फेरीला पाच मिनिटे, आणि उचलठेव धरून सगळे काम पाव तासाच्या आत होते. हीच फळी लाटांच्या गोलाईसह पूर्ण त्रिमितीत काढायची म्हटले, तर ६ मिमीचे गोल टोकाचे बिट ०.६ मिमीच्या अंतराने फिरवावे लागते. त्यासाठी ५३३ फेऱ्या आणि ३२० मीटर प्रवास होतो, म्हणजे याच वेगाने दोन तासांहून अधिक. गिऱ्हाइकाला दर सांगण्यापूर्वी हा फरक त्याच्यासमोर मांडावा. नुसत्या ओळींची फळी पुष्कळदा अधिक सुबक दिसते, असे माझे मत आहे.

फळी आणि मशीन

वखारीतून आणलेले लाकूड सांगलीच्या पावसाळी हवेत ओल धरते आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. म्हणून फळी काही दिवस कारखान्यात हवेशीर उभी ठेवावी आणि कोरण्याच्या दिवशीच शेवटचा रंधा मारावा. लाकडाच्या रेषा ६०० मिमीच्या दिशेने असाव्यात. ३२० मिमी रुंदीसाठी दोन फळ्या जोडल्या असतील तर दोन्हींच्या रेषा एकाच दिशेने चढणाऱ्या निवडाव्यात, कारण उलट रेषा असलेल्या अर्ध्या भागात खाचेची एक कड फाटते. पोलादी पट्टी कर्णावर उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहावे. जिथे उजेड दिसतो तिथे खाच बारीक येणार हे आधीच कळते.

झेडचे, म्हणजे खोली मोजण्याचे, शून्य मशीनच्या बेडवर न घेता फळीच्या वरच्या पृष्ठभागावर, मध्यावर घ्यावे. क्लॅम्प २० मिमीच्या कोऱ्या पट्टीत बसत नाहीत आणि स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटारीच्या) वाटेत येतात, त्यामुळे फळी खालून स्क्रूने किंवा दुहेरी टेपने धरावी. एक्स आणि वायचे शून्य फळीच्या ज्या कोपऱ्यावर घेतले तेथे पेन्सिलने खूण करून ठेवावी. मधेच वीज गेली तर पुन्हा त्याच जागी येता आले पाहिजे. सागवानाचा बारीक भुसा श्वासनलिकेला आणि त्वचेला त्रास देतो, म्हणून मास्क आणि गॉगल घातल्याशिवाय स्पिंडल सुरू करू नये.

खऱ्या फळीआधी एमडीएफच्या उरलेल्या तुकड्यावर सर्वांत वरच्या तीन आणि सर्वांत खालच्या तीन ओळी कोरून पाहाव्यात. व्हर्नियरने रुंदी मोजावी. २ आणि ४ मिमी ऐवजी दोन्ही ठिकाणी सारखाच फरक निघाला तर झेडचे शून्य चुकले आहे. फरक रुंदीबरोबर वाढत असेल तर बिटचा कोन लिहिल्याप्रमाणे नाही. मग तुकडा दाराजवळ उभा धरून बाजूच्या उजेडात न्याहाळावा. वळणावर पैलू असतील तर ते येथेच दिसतात.

पॉलिश

फळीचा दर्शनी भाग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरण्याआधीच घासून घ्यावा. कोरल्यानंतर मशीनचा सँडर लावला तर खाचांच्या धारदार कडा गोल होतात आणि रेघ धूसर पडते. खाचेतला भुसा नायलॉनच्या ब्रशने ओळीच्या दिशेने काढावा, उभे राहिलेले तंतू २२० च्या पेपरची घडी करून तिच्या कडेने हलकेच घासावेत आणि वरचा भाग लाकडी ठोकळ्यावर ३२० चा पेपर गुंडाळून हाताने एकदा फिरवावा.

ओळी लाकडापेक्षा गडद हव्या असतील तर क्रम बदलावा लागतो. आधी कोऱ्या फळीवर सँडिंग सीलरचे दोन हात द्यावेत, वाळल्यावर कोरावे, मग खाचांमध्ये अक्रोडी स्टेन भरून वरचा भाग लगेच पुसावा. सीलरमुळे वरच्या लाकडात रंग मुरत नाही, तो नुकत्या उघड्या पडलेल्या खाचेतच धरतो. त्यानंतर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचे पॉलिश पुढच्या बाजूला जेवढे द्याल तेवढेच मागच्या बाजूलाही द्यावे, कारण एकाच बाजूने बंद केलेली फळी पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने ओल घेऊन वाकते.

देवघरात समई आणि निरांजनाची काजळी खालच्या खोल खाचांत जाऊन बसते. म्हणून येथे तेलपॉलिशपेक्षा पीयू बरे, आणि तेही खाचेत साचून गोळा होणार नाही अशा बेताने पातळ करून, स्प्रेने तीन-चार हातांत द्यावे. फळी दिव्यापासून निदान वीतभर मागे बसेल अशी जागा सुताराने आधीच सोडावी, आणि खाचा मऊ ब्रशने डावीकडून उजवीकडे झाडून ओलसर फडक्याने पुसाव्यात, हे गिऱ्हाइकाला फळी ताब्यात देतानाच सांगावे.